पाडव्यापासून पाडव्यापर्यंत

२५ मार्च २०२० हा गुढीपाडव्याचा दिवस. शके १९४२ तेथून सुरू झाले आणि त्या संवत्सराचे नाव होते शार्वरी. शार्वरी म्हणजे रात्र. साठ नावांच्या ठरलेल्या क्रमात ते आले म्हणून पंचांगकर्त्यांनी छापले, त्यात भाकीत काही नव्हते. परंतु आदल्या रात्री पंतप्रधानांनी एकवीस दिवसांची देशव्यापी टाळेबंदी जाहीर केली, आणि पांढुर्णा व सौसर येथील मराठी घरांच्या गुढ्या त्या सकाळी निर्मनुष्य रस्त्यांवर उभ्या राहिल्या. मध्ये ‘प्लव’ संवत्सर गेले. पुढे शके १९४४ च्या, ‘शुभकृत्’ संवत्सराच्या पाडव्याला, म्हणजे २ एप्रिल २०२२ रोजी, महाराष्ट्र शासनाने कोरोनाविषयक सर्व निर्बंध उठविले.

दोन पाडव्यांमधल्या ह्या काळाविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. परंतु त्यातील बहुतेक लेखन सारे बंद कसे झाले ह्याविषयीचे आहे. एका रात्रीत दार लावून घेता येते. ते पुन्हा किती उघडावे, कोणासाठी आधी उघडावे आणि कोणाच्या सांगण्यावरून उघडावे, हा प्रश्न मात्र दोन वर्षे चालला. लोकांच्या मनाची खरी परीक्षा झाली ती ह्या दुसऱ्या प्रश्नात. आमच्या ह्या सीमेवरच्या दोन तालुक्यांत ती परीक्षा अधिक कठीण होती, आणि म्हणूनच तिच्यातून निघणारा बोध इतर ठिकाणच्या मराठी कुटुंबांनाही उपयोगी पडावा असे आम्हांस वाटते.

पाय एका राज्यात, वाट दुसऱ्या राज्यात

बडोद्याच्या, हैदराबादच्या किंवा इंदूरच्या वाचकांसाठी आमच्या भागाची थोडी ओळख करून देणे अवश्य आहे. जुन्या मध्यप्रांत व वऱ्हाड प्रांताची राजधानी नागपूर होती आणि छिंदवाडा जिल्हा त्याच प्रांतातला. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली, विदर्भाचे आठ मराठी जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि छिंदवाडा मध्य प्रदेशातच राहिला. त्याच्या दक्षिण टोकाचा सौसर-पांढुर्ण्याचा मराठी मुलूखही त्याबरोबर राहिला.

तेव्हापासून आमचा कारभार भोपाळशी आणि व्यवहार नागपूरशी असा आहे. सौसरहून नागपूर सत्तरेक किलोमीटर, पांढुर्ण्याहून शंभराच्या आत. भोपाळ मात्र पांढुर्ण्याहून अडीचशेच्या आसपास. आमची संत्री नागपूरच्या बाजारात जातात, आजारी माणूस नागपूरच्या दवाखान्यात जातो, मुलगी काटोल-सावनेरकडे दिली जाते आणि सून नरखेड-वरुडकडून येते. राज्याची सीमा नकाशावर ठळक असली तरी आमच्या सोयरिकीत ती कधी ठळक नव्हती. टाळेबंदीने ती प्रथमच दारासमोर आणून उभी केली.

संत्र्यांच्या मुलुखाला नारिंगी रंग

पहिली टाळेबंदी १४ एप्रिलला संपावयाची होती. ती ३ मेपर्यंत वाढली, मग १७ मेपर्यंत, मग ३१ मेपर्यंत. दरम्यान ३० एप्रिल रोजी केंद्रीय आरोग्य खात्याने देशातील जिल्ह्यांची तीन रंगांत वाटणी केली : १३० जिल्हे लाल, २८४ नारिंगी आणि ३१९ हिरवे. नागपूर लाल विभागात होते. छिंदवाडा नारिंगीत आला, शेजारचा बैतूल नारिंगीत आणि पलीकडचा अमरावतीही नारिंगीत. संत्र्यांच्या मुलुखाला नारिंगी रंग मिळाला ह्याचे क्षणभर हसू येण्यासारखे होते. परंतु त्या रंगाचा अर्थ असा की घर नारिंगी आणि बाजार लाल.

संत्र्याच्या बागाईतदाराला तो अर्थ सर्वांत आधी कळला. मृग बहाराची फळे फेब्रुवारी-मार्चमध्ये तोडणीस येतात. झाडाला टाळेबंदी ठाऊक नसते. फळ पिकले की उतरविलेच पाहिजे. शेतमालाच्या वाहतुकीस कागदोपत्री सूट होती. पण तोडणीची माणसे, पेट्या भरणारे हात, गाडीचा चालक, वाटेतील चहाचे दुकान आणि बाजारातील घेणारा, ह्या साखळीतली एक कडी जरी बंद असली तरी सुटीचा कागद बागेतच राहतो. शिथिलतेविषयीचा पहिला धडा आमच्या भागाला येथे मिळाला : एखादी गोष्ट ‘चालू’ म्हणून जाहीर करणे आणि ती खरोखर चालू होणे ह्यांत बरेच अंतर असते.

ह्याच्या उलट उदाहरणही त्याच काळातले आहे. मध्य प्रदेशात गव्हाची सरकारी खरेदी त्या वर्षी १५ एप्रिलपासून, सर्वाधिक बाधित शहरे वगळून, सुरू झाली. शेतकऱ्यांना मोबाईलवर संदेश पाठवून दररोज मोजक्याच लोकांना खरेदी केंद्रावर बोलाविण्यात आले. त्या हंगामात राज्याने सुमारे १२९ लाख टन गहू खरेदी केला आणि पंजाबलाही मागे टाकले. गर्दी होऊ नये हा हेतू आणि काम थांबू नये ही गरज, दोन्हींची सांगड घालण्याची रीत सापडली की लोक ती मुकाट्याने पाळतात, हे त्यातून दिसले.

मग जूनपासून ‘अनलॉक’ हा नवा शब्द घरोघरी आला. त्याची पावले घड्याळावर मोजता येतील. मे महिन्यात संध्याकाळी ७ ते सकाळी ७ घराबाहेर पडण्यास मनाई होती. १ जूनपासून ती रात्री ९ ते पहाटे ५ अशी झाली. १ जुलैपासून रात्री १० पासून. आणि १ ऑगस्टपासून केंद्राने ही रात्रीची बंदी उठविली. लग्नाला ५० माणसे आणि अंत्ययात्रेला २० ही मर्यादा मात्र दीर्घकाळ टिकली.

एकाच घरातील दोन मते

ह्या पावलापावलाने होणाऱ्या शिथिलतेविषयी लोकांचे मत काय होते, असा प्रश्न केला तर त्याला एक उत्तर नाही. सामान्यतः असे सांगितले जाते की सावध लोकांना निर्बंध हवे होते आणि बेफिकीर लोकांना नको होते. आमच्या मते ही मांडणी खरी नाही. मतभेद स्वभावाचा कमी आणि कोठीतल्या धान्याचा अधिक होता.

ज्याला महिन्याचा पगार बँकेत जमा होत होता, ज्याच्या घरात वर्षाचे गहू-डाळ भरलेली होती आणि मागे परसू होते, त्याला दुकाने आणखी पंधरा दिवस बंद राहिली तरी चालणार होते. ज्याची शिलाईयंत्रावर चूल पेटते, जो हमाली करतो, जो बसथांब्यावर केळी विकतो, त्याला प्रत्येक वाढीव दिवस उपासाचा वाटत होता. पहिला दुसऱ्याला बेजबाबदार म्हणे आणि दुसरा पहिल्याला निष्ठुर. दोघांनाही रोगाचे भय सारखेच होते. भय बाळगण्याची ऐपत मात्र सारखी नव्हती.

आणि पुष्कळ घरांत हे दोन्ही पक्ष एकाच छपराखाली राहत होते. पासष्टीच्या पुढची माणसे आणि दहा वर्षांखालची मुले ह्यांनी घरातच राहावे असा नियम होता. म्हणजे आजोबांसाठी घर बंद आणि त्यांच्या मुलासाठी दुकान उघडे. मुलगा रात्री परत आला की दारातच कपडे बदलणे, अंगणात हातपाय धुणे, नातवंडांना जवळ न घेणे, असे सोवळे-ओवळ्याचे नवेच नियम घरोघरी सुरू झाले. ज्या म्हाताऱ्या सासूबाईंच्या सोवळ्याला घरातील तरुण मंडळी हसत असत, त्याच तरुणांनी आता सासूबाईंना हात लावण्यापूर्वी दहादा विचार करावा, असा उलटा काळ आला. शिथिलतेची तारीख शासनाने ठरविली. आपल्या उंबरठ्याची तारीख प्रत्येक घराला स्वतंत्रपणे ठरवावी लागली. दुकान उघडूनही कित्येकांनी आपल्या आईवडिलांना महिनोन् महिने बाहेर पडू दिले नाही, ह्याचा अर्थ ते शासनापेक्षा कडक होते असा नव्हे. प्रत्येक घरात जपण्याजोगे काय आहे, हे शासनाला ठाऊक नव्हते, त्यांना होते.

वाट मोकळी, फाटक मिटलेले

केंद्राने १ जून २०२० पासून राज्याराज्यांतील प्रवासाला परवान्याची गरज नाही असे सांगितले. मात्र निर्बंध घालण्याची मुभा राज्यांना ठेवली. महाराष्ट्राने ई-पासची अट कायम ठेवली आणि ती २ सप्टेंबर २०२० रोजी काढली. मधल्या तीन महिन्यांत आमची स्थिती चमत्कारिक होती. दिल्लीच्या लेखी वाट मोकळी होती. सातनूरच्या पलीकडे मात्र पास लागत होता. मोबाईल वापरता येणाऱ्याने अर्ज करावा, न येणाऱ्याने कोणा जाणत्याचे पाय धरावेत, आणि माहेरी आई अत्यवस्थ असताना मुलीने पडद्यावरच्या ‘प्रलंबित’ ह्या शब्दाकडे बघत बसावे. सत्तर किलोमीटरची वाट सातशे किलोमीटरची झाली.

शिथिलता जाहीर होते पण माणसापर्यंत पोहोचत नाही, ह्याचे सर्वांत दारुण उदाहरण आमच्याच राज्याच्या मजुरांच्या वाट्याला आले. १ मे २०२० पासून श्रमिकांसाठी विशेष गाड्या सुरू झाल्या होत्या आणि नाशिकहून निघालेली अशी एक गाडी २ मे रोजी भोपाळजवळ पोहोचलीही होती. तरीसुद्धा जालन्यास काम करणारे, मध्य प्रदेशातील शहडोल आणि उमरिया जिल्ह्यांतले मजूर रेल्वेमार्गाने पायी भुसावळकडे निघाले. ८ मेच्या पहाटे औरंगाबाद जिल्ह्यातील करमाडजवळ, थकून रुळांवरच झोपलेल्या सोळा जणांच्या अंगावरून मालगाडी गेली. गाड्या सुरू झाल्या होत्या. त्या गाडीत बसण्याची खात्री मात्र त्यांना कोणी दिलेली नव्हती. रुळांवर पसरलेल्या भाकऱ्यांचे ते छायाचित्र त्या दिवसांत ज्यांनी पाहिले, त्यांना शिथिलतेचा आदेश आणि शिथिलता ह्यांतील अंतर वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

रेल्वेचीच आणखी एक गोष्ट पांढुर्ण्यासारख्या गावांना जाचली. गाड्या जूनपासून हळूहळू धावू लागल्या, परंतु ‘विशेष’ म्हणून आणि आरक्षित तिकिटावर. नोव्हेंबर २०२१ मध्ये गाड्यांची ‘विशेष’ ही उपाधी काढण्याचा निर्णय झाला आणि अनारक्षित डबे त्यानंतरही क्रमाक्रमाने पूर्ववत झाले. ज्याला चार महिन्यांतून एकदा मुंबईस जावयाचे त्याला त्याचे काही वाटले नाही. ज्याला रोज सकाळी नागपूरला कामास जाऊन रात्री परतावयाचे, त्याच्या दृष्टीने आगगाडी दीड-दोन वर्षे बंदच होती.

दोन राज्यांचे दोन दिनदर्शक

देवळांच्या बाबतीत ही तफावत प्रत्येकाच्या डोळ्यांत भरली. ८ जून २०२० पासून केंद्राने धार्मिक स्थळे उघडण्यास परवानगी दिली आणि मध्य प्रदेशात देवळे टप्प्याटप्प्याने उघडू लागली. महाराष्ट्राने मात्र ती दिवाळीच्या पाडव्याला, १६ नोव्हेंबर २०२० रोजी उघडली. दुसऱ्या लाटेत पुन्हा मिटलेले दरवाजे तेथे ७ ऑक्टोबर २०२१ रोजी, घटस्थापनेच्या दिवशी उघडले. सौसरजवळच्या जामसावळीच्या निद्रिस्त मारुतीला विदर्भातील भाविकांची रीघ एरवीही असते. सीमेच्या एका बाजूला देव दर्शन देतो आणि दुसऱ्या बाजूला देत नाही, हे श्रद्धाळू माणसाला कसे पटावे? आणि रोग तर सीमा ओळखत नाही, मग नियम का ओळखतो, हे विचारणाऱ्या अश्रद्धालाही कसे पटावे?

शाळांचेही तसेच. मध्य प्रदेशात पहिली ते पाचवीचे वर्ग २० सप्टेंबर २०२१ पासून निम्म्या उपस्थितीने सुरू झाले. महाराष्ट्रात ४ ऑक्टोबर २०२१ ला ग्रामीण भागात पाचवीपासूनचे आणि शहरांत आठवीपासूनचे वर्ग भरू लागले. धाकट्यांना १ डिसेंबरपर्यंत थांबावे लागले. म्हणजे पांढुर्ण्यातील पहिलीचा मुलगा शाळेत जाऊ लागल्यावर त्याची काटोलची मामेबहीण आणखी दहा आठवडे घरीच होती. दोन्ही घरांत काळजी होती. एकात मुलाला का पाठविले म्हणून, दुसऱ्यात मुलीला का पाठवू देत नाहीत म्हणून.

दोन्ही राज्यांपैकी कोण बरोबर होते, हा निवाडा येथे करावयाचा नाही. महाराष्ट्रात रुग्णसंख्या फार मोठी होती आणि तेथील सावधपणास कारण होते. आमचा मुद्दा एवढाच की एकाच कुटुंबाला दोन वेगवेगळी उत्तरे मिळाली आणि दोन्हींमागचे कारण त्याला कोणी समजावून सांगितले नाही, की त्याचा विश्वास दोन्ही उत्तरांवरून उडतो. मग तो आपल्या सोयीचे उत्तर निवडतो. ह्यालाच आपण नंतर ‘लोकांची बेपर्वाई’ असे नाव देतो.

दुसरी लाट आणि बदललेली वृत्ती

२०२१ च्या आरंभी लोक पुष्कळ निर्धास्त झाले होते. १६ जानेवारीपासून लसीकरण सुरू झाले होते, लग्नसराई भरात होती, मुखपट्ट्या हनुवटीवर उतरल्या होत्या. मार्चमध्ये नागपुरात रुग्ण वाढले, १५ मार्चपासून तेथे आठवड्याची कडक टाळेबंदी झाली आणि २० मार्चपासून मध्य प्रदेश शासनाने महाराष्ट्राशी होणारी बसवाहतूक थांबविली. ही बंदी पुढे वेळोवेळी वाढत गेली. एप्रिलमध्ये छिंदवाड्यासही टाळेबंदी आली.

तो एप्रिल आणि तो मे आमच्या पिढीच्या आठवणीतून जाणे नाही. बस बंद होती, पण रुग्णवाहिका नागपूरकडेच धावत होत्या, कारण ह्या भागाला मोठा दवाखाना म्हणजे नागपूर. आणि नागपुरात खाट मिळत नव्हती, प्राणवायू मिळत नव्हता, रेमडेसिविरसाठी माणसे रात्र रात्र फिरत होती. पहिल्या लाटेत रोगाची बातमी दूरचित्रवाणीवरून येत होती. दुसरीत ती शेजारच्या ओसरीवरून आली. अंत्ययात्रेला वीस माणसांची मर्यादा होती, आणि कित्येक ठिकाणी वीसही जमत नव्हती. तेराव्याला येऊ नका असे कळविण्याची वेळ घरोघरी आली. ज्या समाजात शत्रूच्याही मयतीस जाण्याची रीत आहे, त्या समाजाने हे कसे सोसले, ते सोसणाऱ्यांनाच ठाऊक.

ह्यानंतर १ जून २०२१ पासून मध्य प्रदेशात जी शिथिलता सुरू झाली, तिच्याविषयीची लोकांची वृत्ती २०२० पेक्षा निराळी होती. पहिल्या वेळी लोक विचारीत होते, ‘केव्हा उघडणार?’ दुसऱ्या वेळी कित्येक जण विचारू लागले, ‘इतक्यात का उघडता?’ गावोगावी लोकांनी स्वतःहून बाहेरच्यांना अडविले, काही व्यापाऱ्यांनी स्वतःहून दुकानांच्या वेळा कमी ठेवल्या. भय हे एक कारण झाले. दुसरे कारण निर्णयाच्या पद्धतीत होते. ह्या वेळी राज्य शासनाने जिल्हा, विकासखंड, प्रभाग आणि गाव ह्या पातळ्यांवर क्रायसिस मॅनेजमेंट ग्रुप म्हणजे संकट-व्यवस्थापन समित्या नेमल्या. त्यांत अधिकाऱ्यांबरोबर लोकप्रतिनिधी आणि गावातील माणसे बसली. काय उघडावे आणि किती वेळ उघडावे ह्याचा विचार स्थानिक रुग्णप्रमाण पाहून व्हावा असे ठरले आणि शंभर तपासण्यांमागे पाच बाधित ही सीमारेषा लोकांच्या तोंडी आली. महाराष्ट्रानेही ७ जून २०२१ पासून जिल्ह्यांचे पाच स्तर पाडले आणि बाधितांचे प्रमाण व प्राणवायूच्या खाटा ह्यांवर ते ठरविले.

ह्या समित्या सर्वत्र सारख्या चालल्या असे कोणी म्हणणार नाही. परंतु आदेश वरून खाली टाकला जातो तेव्हा लोक त्याच्या फटी शोधतात, आणि आपल्याच गल्लीतील मास्तर, दुकानदार व पंच बसून तो ठरवितात तेव्हा फट शोधणाऱ्याला शेजारीच विचारतो. हा फरक लहान नाही.

सव्वाशे वर्षांपूर्वीचा दाखला

हा फरक मराठी माणसाला इतिहासाने एकदा फार महागात शिकविला आहे. १८९६ च्या अखेरीपासून मुंबई-पुण्यात प्लेग पसरला. १८९७ मध्ये साथीच्या रोगांचा कायदा झाला. २०२० मध्ये राज्यांनी वापरला तो हाच. पुण्यात रँड ह्यांच्या अमलाखाली गोऱ्या शिपायांनी घरे झडतली, देवघरे-माजघरे विटाळली, माणसांना ओढून छावणीत नेले. ज्या उपायांमागे रोग थोपविण्याचा हेतू होता, ते उपायच लोकांना रोगापेक्षा भयंकर वाटू लागले. लोक रुग्ण लपवू लागले आणि साथ अधिकच पसरली. २२ जून १८९७ रोजी चाफेकर बंधूंनी रँड ह्यांच्यावर गोळी झाडली. पुढे ९ मार्च १८९८ रोजी मुंबईत प्लेगच्या तपासणीवरूनच दंगल उसळली.

त्यानंतर सरकारने धोरण बदलले. लष्करी झडत्या मागे पडल्या, त्या त्या समाजाच्या खाजगी रुग्णालयांना वाव मिळाला, तपासणीत स्थानिक प्रतिष्ठित मंडळी घेतली जाऊ लागली, लस टोचून घेणे ऐच्छिक राहिले. पुण्यात लोकमान्य टिळकांनी हिंदूंसाठी प्लेगचे रुग्णालय चालविले होते. त्याच साथीत रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले ह्यांनी १० मार्च १८९७ रोजी देह ठेवला. सक्तीने जे झाले नाही, ते आपल्या माणसांनी हात लावल्यावर थोडेफार होऊ लागले. पुण्याच्या त्या रक्तरंजित वर्षातून राज्यकर्ते शिकले ते हेच की निर्बंध सैल केल्याने शासन दुबळे ठरत नाही. पुष्कळदा त्यानेच त्याचा शब्द चालू लागतो.

गोटमारीचे गाव काय सांगते

पांढुर्ण्यास नियम आणि लोकमत ह्यांच्या झगड्याचा अनुभव नवा नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पांढुर्णा आणि सावरगाव ह्यांच्यामध्ये गोटमार होते. नदीच्या मध्यभागी रोवलेल्या पळसाच्या झाडावरील झेंड्यासाठी दोन्ही तीरांवरून दगड फेकले जातात. माणसे जखमी होतात, आजवर बळीही गेले आहेत. प्रशासनाने मनाई केली, पोलीस ठेवले, दगडांऐवजी रबरी चेंडूही देऊन पाहिले. चेंडू बाजूला पडले आणि दगड उचलले गेले.

गोटमारीचे समर्थन करण्याचा आमचा हेतू नाही; रक्त सांडणारी परंपरा थांबावी असेच विचारी माणसास वाटेल. परंतु ते चेंडू का चालले नाहीत, ह्याचे उत्तर आणि टाळेबंदीचे नियम कोठे पाळले गेले व कोठे मोडले, ह्याचे उत्तर बरेचसे एक आहे. जो नियम आपल्याला न विचारता ठरतो, तो परका वाटतो, मग तो कितीही हिताचा असो. आणि त्याच गावाने दुसऱ्या लाटेत आपल्या म्हाताऱ्यांना जपले, लस घेण्यासाठी रांगा लावल्या. २१ जून २०२१ रोजी मध्य प्रदेशात एका दिवसात सोळा लाखांहून अधिक लोकांनी लस घेतली, त्यांत अशाच गावांची माणसे होती. तेव्हा येथील माणूस मूळचाच बेशिस्त आहे असे म्हणता येणार नाही. त्याला शिस्तीचे कारण हवे असते.

पुढच्या वेळेसाठी

मध्य प्रदेशाने १७ नोव्हेंबर २०२१ रोजी सर्व निर्बंध उठविले, डिसेंबरात ओमिक्रॉनच्या भयाने रात्रीची संचारबंदी पुन्हा आली आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये तीही गेली. केंद्राचे आपत्ती-व्यवस्थापन कायद्याखालचे आदेश ३१ मार्च २०२२ रोजी संपले. जागतिक आरोग्य संघटनेने ५ मे २०२३ रोजी आणीबाणी संपल्याचे जाहीर केले. ऑक्टोबर २०२३ मध्ये पांढुर्णा आणि सौसर मिळून स्वतंत्र पांढुर्णा जिल्हा अस्तित्वात आला. ज्या निर्णयांसाठी पूर्वी छिंदवाड्याकडे पाहावे लागे, ते घेणारा अधिकारी आता पांढुर्ण्यातच बसतो.

म्हणूनच तीन गोष्टी शांततेच्या काळातच ठरून जाव्यात असे आम्हांस वाटते. पहिली ही की नागपूर आणि पांढुर्णा ह्या दोन जिल्ह्यांच्या प्रशासनांत आजारी माणूस, बाळंतीण, मयत आणि शेतमाल ह्यांच्यासाठी सीमा कशी उघडी राहील, ह्याचा लेखी करार असावा. संकट आल्यावर तो लिहीत बसण्यास वेळ नसतो. दुसरी ही की शिथिलता देताना आधी त्याचे दार उघडावे ज्याच्या घरी आजचे अन्न आजच येते. तिसरी ही की प्रत्येक नियमाबरोबर त्याचे कारण आणि तो केव्हा तपासला जाईल ती तारीख, दोन्ही मराठीत आणि हिंदीत चावडीवर लावली जावीत. लोकांचे सहकार्य मागावयाचे असेल तर त्यांना आधी विश्वासात घेतले पाहिजे.

वाचकांकडेही आमचे एक मागणे आहे. १९१८ च्या मानमोडीत, म्हणजे इन्फ्लुएंझाच्या साथीत, सर्वाधिक माणसे गमावलेल्या प्रांतांत आपला मध्यप्रांत-वऱ्हाड अग्रभागी होता. तरी आज बहुतेक घरांत त्या साथीची एखादी अस्पष्ट आठवणसुद्धा उरलेली नाही, कारण कोणी लिहून ठेवली नाही. ती चूक पुन्हा होऊ नये. आपल्या घरात ह्या दोन वर्षांत कोण गेले, कोण कोठे अडकले, कोणी कोणाला दोन वेळचे जेवण पोहोचविले, दुकान कोणत्या दिवशी बंद झाले आणि कोणत्या दिवशी भीतभीत उघडले, हे वडीलधाऱ्यांनी एका वहीत तारखांसह लिहून ठेवावे. पाडव्याला नवे पंचांग घरात येते, तेव्हा ती वही त्याच्या शेजारी ठेवावी. आपल्या नातवंडांवर तशी वेळ येऊ नये. पण आलीच, तर दार केव्हा लावावे आणि कसे उघडावे, हे त्यांना त्या वहीत पाहता येईल.